ताईंची जागा बिनविरोध नव्हती

मित्रहो, आज हॉल भरलाय. आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेला यातले निम्मेही येत नाहीत. विनायकराव, तुमच्यासमोर तुमच्या पत्नीबद्दल, आपल्या अनुराधाताईंबद्दल 'होत्या' म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण बोलायला हवं.

ताई इथे जर्मनीत, आखनला इतिहासात पीएचडी करत होत्या. विषय काय, तर आयर्लंडमधल्या एका चिमुकल्या गावाचे जुने खासदार. मी इंजिनियर माणूस. मी विचारलं, ताई, यात एवढं काय आहे? त्या म्हणाल्या, "अरे, गावाला संसदेत जागा होती, पण ती गावाची नव्हतीच. जमीनदाराची होती. आधी बाप, मग मुलगा, मग जावई. मत देणारे मोजके, तेही त्याच्याच मर्जीतले. निवडणूक कशाला होतेय? सगळं बिनविरोध. पुढे ती जागा रद्द झाली, तेव्हा भरपाईसुद्धा जमीनदारालाच मिळाली."

बिनविरोध. हा शब्द उच्चारताना त्या नाक मुरडायच्या.

आणि आपल्याकडे काय चालायचं? गणपतीचं जेवण झालं की एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, टाळ्या. वर कौतुक, आपल्यात कशी भांडणं नाहीत. ताईंनी बुटांचं खोकं आणलं, त्याला फट पाडली, चिठ्ठ्या वाटल्या. कमिटीवर मतं मिळवून गेलेलं या मंडळात एकच माणूस. त्या.

आणि आज? मघाशी मी कप आणायला किचनमध्ये गेलो. चहा उकळत होता. आपले अध्यक्ष मधूकाका सांगत होते, "ताईंच्या जागी आमच्या भाच्याला घेऊ. आल्झो, चला, बिनविरोध करून टाकू." दोघांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर.

काका, इकडे बघा. मला किळस आली. ताईंच्या फोटोचा हार अजून ओला आहे हो. निदान चहा तरी होऊ द्यायचा.

विनायकराव, माफ करा. शोकसभेत असं बोलू नये. पण गोड बोलून घरी गेलो असतो, तर ताईंना तोंड दाखवायची लाज वाटली असती.

ते खोकं मी सोबत आणलंय. बाहेर गाडीत आहे.

आता उभं राहू या. त्या गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसली. आपण ताईंसाठी दोन मिनिटं गप्प राहू. मग मी खोकं आत आणतो.