नमुन्याची बाटली

पाणी तपासणाऱ्यांचं नाव काढू नका यार, डोकं फिरतं माझं. ऐंशी-ब्याऐंशीला मालाडला बंद पडलेल्या दगडखाणीशेजारी राहायचो आम्ही. खाणीत साचलेलं हिरवं पाणीच प्यायचो. नळासाठी अर्ज केला, तेव्हा ते पाणी तपासायला एक साहेब आला. खाणीत उतरायला टरकला आणि काचेची बाटली आईच्याच हातात दिली, "मावशी, जरा भरून आणा ना."

महिन्याभरात उत्तर आलं. खाणीचं पाणी उत्तम आहे, नळाची गरज नाही.

मी ओरडलोच, "आई, कुठलं पाणी भरलंस तू?"

"पाहुण्यांसाठी लांबच्या नळावरून आणून ठेवते ना, ते. एवढ्या स्वच्छ बाटलीत खाणीतली घाण कशी भरू रे?"

आमच्या पोटात मात्र रोज तीच घाण भरत होती.