मॅनेजरच्या वाटची शेंगाचटणी

हसायचं तर हसा, पण हे मी घरी अजून सांगितलेलं न्हाय. आपल्या हितं कसं, सकाळी टॉवेल कारखान्यात मालकाशी वाजलं की दुपारी दुसऱ्या मालकाच्या मागावर विणायला उभं राहायचं. दुबईतबी मी तसंच केलं. दुसऱ्या कंपनीनं फोनवर "ये" म्हटलं आणि मी राजीनामा दिला. जाताना सगळ्यांना शेंगाचटणीच्या पुड्या वाटल्या. मॅनेजरला मुद्दाम दिली न्हाय. वर चारचौघांत म्हणलो, "तुमच्या हाताखाली परत येणार न्हाय."

चार दिवसांनी नवी कंपनी म्हणाली, जागाच रद्द झाली. तितं राहायचा परवाना नोकरीवर असतो की. नोकरी गेली आणि ठरल्या दिवसांत दुसरी मिळाली न्हाय, तर देश सोडावा लागतो. गेलो परत मॅनेजरच्या केबिनमध्ये. मान वर होईना.

त्यानं ड्रॉवरमधून माझा राजीनामा काढला. पुढं पाठवलाच नव्हता.

"परवाना रद्द झाला असता तुझा," तो हिंदीत म्हणाला. "म्हटलं, चार दिवस थांबू. उद्या ये कामावर."

मी दारापाशी पोचलो, तर मागून म्हणाला, "चटणी चांगली होती म्हणे."

खोलीवरच्या दोस्ताकडून त्याची अर्धी संपलेली पुडी मागून आणली आणि साहेबाच्या टेबलावर ठेवली.

आता सुट्टी संपवून निघताना पहिली पुडी त्याच्या नावानं बांधतो. बायको विचारते, "लई चांगला साहेब हाय का ओ?"

"व्हय," एवढंच म्हणतो.