खाजेला कुठलाय रोजा!

...नाही, मला सांगा, उभ्यानं कोणी भेंडी निवडतं का? मी निवडत होते! अख्खा शुब्रा मोहल्ला रमजानचा स्वयंपाक ऐसपैस बसून करतोय आणि ही इन्शिराह मोरीपाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर! कारण बसलं की खाजतं, चाललं की चरचरतं, आणि लघवीला गेलं की... जाऊ दे, तुमची जेवायची वेळ असेल. दाढ दुखली म्हणून अँटिबायोटिक घेतलं, दाढ थांबली आणि हे दुखणं भलतीकडेच सुरू झालं. अंगावरून पांढरं जातंय, दह्याच्या गुठळ्या जशा, वास म्हणाल तर काही नाही, आणि खाज, अगं आई गं! वाटलं, रमजान आहे, सोसू. पण खाजेला कुठलाय रोजा!

शेवटी डॉक्टर मगदाकडे गेले. बाई सडेतोड. तपासलं, नमुना काचेवर घेतला, आत जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "इन्शिराह, बुरशीचा संसर्ग आहे. काय काय लावलंस आतापर्यंत?" मी म्हटलं, "काही नाही, जरा गुलाबाचा साबण... जरा व्हिनेगरचं पाणी..." अशा ओरडल्या! "व्हिनेगर काकडीवर घालायचं! हा घाणेरडेपणा नाही, तुझं पाप नाही, अँटिबायोटिकनं आतले चांगले जंतू मारले म्हणून बुरशी माजली. साबण बंद, सुती कपडे घाल. रोज झोपताना एक गोळी आत सरकवायची, बाहेरून मलम, आणि खाज थांबली तरी गोळ्या सगळ्या संपवायच्या!" मी हो हो करत औषधाची काळी पिशवी झग्याखाली दडवून घरी आले.

आता ऐका घोटाळा. झोपताना! अहो, रमजानात झोपतं कोण रात्री? इफ्तार झाली की पाहुणे, पाहुणे गेले की मालिका, मालिका संपली की नणंदा, नणंदा उठल्या की पहाटेचं जेवण. आमच्याकडे माणूस आडवा होतो तो दुपारी, रोजा धरून! मग गोळी दुपारी ठेवली तर रोजा राहतो की मोडतो? विचारायचं कोणाला? आमच्या शव्कींना? नवऱ्याला खाज म्हटलं तर तो ढेकणाचं औषध आणेल! मोहल्ल्याच्या इमामांना? त्यांची बायको माझ्याकडून लोणचं नेते! बरं, एकदा बिल्डिंगीत कळलं की संपलंच, लोक माझ्या घरचं सरबतसुद्धा प्यायचे नाहीत. आणि गुरुवारी मुलीच्या सासरचे इफ्तारला येणार! मला फक्त एवढंच हवं होतं, हे कोणाला कळू नये.

मग मला सुचलं. टीव्ही! दुपारचा तो कार्यक्रम, फोन करा, शेखसाहेब उत्तर देतात. नाव कोण बघतंय? मी झाले मिन्या गावची उम्म सबरी. स्वयंपाकघराचं दार लावलं, ओट्यावरचा टीव्ही आठवणीनं बंद केला, आवाज जरा जाड केला, आणि लागला की हो फोन!

निवेदिका म्हणते, "बोला उम्म सबरी, टीव्हीचा आवाज कमी करा."

"बंदच आहे गं बाई."

"नाही, आम्हाला ऐकू येतोय."

येणारच! स्वयंपाकघराची खिडकी उघडते हवेच्या चौकात, आणि त्या चौकात वरपासून खालपर्यंत सगळ्यांची स्वयंपाकघरं, आणि प्रत्येकीच्या ओट्यावर तोच कार्यक्रम! माझाच आवाज वरून, खालून, समोरून येतोय. पण फोन ठेवू कसा? खाजेला कुठलाय रोजा! म्हटलं, "एक औषध आहे, दिवसा घेतलं तर चालेल का?"

"तोंडावाटे?"

"नाही."

"नाकात?"

"नाही हो."

"डोळ्यात? कानात?"

"खाली, बाई, खाली!"

"गुडघ्याला?"

शेखसाहेब बिचारे समजूतदार, खाकरले. म्हणाले, "समजलं, मुली. याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. तू इफ्तारनंतर, पहाटेच्या आत ठेव, म्हणजे शंकाच नको. आणि औषध अर्धवट सोडू नकोस." मी सुटले म्हणून श्वास सोडते न सोडते, तोच वरच्या मजल्यावरून, चौकातून, हाज्जा तफीदा गरजली, "इन्शिराऽऽह! टीव्ही लाव गं! कोणीतरी बाई अगदी तुझ्यासारखी बोलतेय!"

आणि ते लाइव्ह! माझं नाव, माझ्याच फोनमधून, अख्ख्या मिसर देशात!

ओटा धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला सांगू. बाहेर आले तर शव्की बैठकीतल्या टीव्हीसमोर हळहळतायत, "बिचारी! तिच्याही शेजारणीचं नाव इन्शिराह आहे वाटतं." एकवीस वर्षांचा संसार!

संध्याकाळी दारावर टकटक. मेले, म्हटलं, आल्या नाकं मुरडायला. बघते तर तळमजल्यावरची नागलाअ, हातात कतायफची, रमजानातल्या गोड करंज्यांची ताटली, कानाशी येऊन म्हणते, "मलाही तेच. गोळीचं नाव काय गं?" मागोमाग शिंपीण, ताटली घेऊन. मागोमाग साक्षात हाज्जा तफीदा! "माझ्याला माशासारखा वास येतो, मी व्हिनेगर लावते." म्हटलं, "हाज्जा, वास म्हणजे ते दुखणं वेगळं! माझी गोळी मागू नका, मगदाबाईंकडे जा, आणि व्हिनेगर काकडीवर!" सगळ्या मेल्या आजवर एकेकट्या उभ्यानं भेंडी निवडत होत्या!

मी मात्र गोळ्या रात्रीच ठेवल्या, नणंदांना बाहेर बसवून, मोरीत जाऊन. तिसऱ्या दिवशी खाज गेली तरी सगळ्या संपवल्या. गुरुवारी विहीणबाई आल्या. माझ्या हातचं सरबत दोन पेले प्यायल्या, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या मगदाबाई कुठे बसतात हो?"

सुटले म्हणता? कसली! आता बिल्डिंगीनं मला कामच लावलंय. हिला मूळव्याधीच्या मलमाचं विचारायचंय, तिला एनिमाचं, आणि फोन कोणी करायचा, तर इन्शिराहनं, तिला सवय आहे! करते बाई, करते, नाव तर गेलंच आहे. हा बघा, लागला फोन... अगं तफीदा, नागलाअ, सगळ्या ऐका गं, आधी ते टीव्ही बंद करा!