मेकॅनिकचा स्कीवरचा फोटो

फोटोवाली : पुन्हा डोळे मिटलेस!

मेकॅनिक : मिटले नाहीत. ऊन लागतंय. बर्फावर आपटून खालून डोळ्यांत शिरतंय.

डॉक्टर : सतरा फोटो झाले आणि सतराही फोटोंत डोळे बंद. इंजेक्शन टोचताना गायसुद्धा एवढे डोळे मिटत नाही.

मेकॅनिक : डॉक्टर, तुम्ही गुरांचे डॉक्टर. गुरांपुरतं बोला.

डॉक्टर : गुरांपुरतंच बोलतोय.

फोटोवाली : डॉक्टर, तुम्हाला याला धरायला आणि हसवायला आणलंय, भांडायला नाही. आणि तू त्या काठ्या झाडूसारख्या धरू नकोस.

मेकॅनिक : मग कशा धरू?

फोटोवाली : मला काय माहीत? मी फोटो काढते. डॉक्टरांना विचार, स्की त्यांची आहे.

डॉक्टर : माझी नाही बाई, माझ्या मेव्हण्याची. त्यानेही एकदाच वापरली.

मेकॅनिक : एकदाच का?

डॉक्टर : ते फोटो झाल्यावर सांगतो.

फोटोवाली : मला एक सांग. वीस वर्षं तू इथल्या रोपवेचा मेकॅनिक. हजारो लोकांना स्कीसकट डोंगरावर पोचवलंस, स्वतः एकदाही पायात घातली नाहीस. मग त्या बाईंना हे असलं लिहायची बुद्धी तुला झालीच कशी?

मेकॅनिक : ओघात झालं गं. ट्रॉलीत कोणीतरी वाचनालयाचं पुस्तक विसरून गेलं होतं, ते मी पोस्टाने परत पाठवलं. तिथे ती ग्रंथपाल. तिने आभाराचं पत्र लिहिलं. मी त्याला उत्तर लिहिलं. मग ती विचारते, ‘घर ते वाचनालय, वाचनालय ते घर, एवढंच माझं आयुष्य. तुम्ही डोंगरात राहता, तुमची सकाळ कशी असते?’ आता मी काय लिहू? सकाळी उठून चाकांना ग्रीस लावतो?

डॉक्टर : लावतोस ना?

मेकॅनिक : लावतो. पण ते काय पत्रात लिहायचं असतं? मी लिहिलं, सकाळी थोडं स्की करतो.

फोटोवाली : थोडं?

मेकॅनिक : पहिल्या पत्रात थोडंच होतं. पुढे वाढत गेलं.

डॉक्टर : कुठवर वाढलं?

मेकॅनिक : उडी मारण्यापर्यंत.

फोटोवाली : अरे देवा!

मेकॅनिक : उडी छोटीच लिहिलीय. ओढ्यावरून.

फोटोवाली : आणि आता ती येतेय.

मेकॅनिक : रविवारी, पहिल्यांदाच. येताना स्वतःची स्की आणू का, असं विचारलंय. आणि त्याआधी माझा स्की करतानाचा एक फोटो फोनवर पाठवा म्हणतेय, नंबरही दिलाय. मैत्रिणींना दाखवायचाय.

फोटोवाली : समजा, मी काढला झकास फोटो. आज पाठवलास. रविवारी ती समोर येऊन म्हणाली, चला जाऊ या! मग काय करशील?

मेकॅनिक : माझा पाय मुरगळलेला असेल.

फोटोवाली : कधी मुरगळणार?

मेकॅनिक : शनिवारी संध्याकाळी.

डॉक्टर : प्लॅस्टर मी घालणार आहे. घोड्याचं थोडं शिल्लक आहे.

फोटोवाली : म्हणजे तुम्हीही सामील! तरी म्हटलं, एकट्याला एवढं सुचायचं नाही. हे बघा, सगळी सोंगं आणता येतात, पण उतारावर उभं राहायचं सोंग आणता येत नाही. हा कितीही झाकायला गेला, तरी फोटोत गुडघे लटलटताना दिसतायत.

मेकॅनिक : थंडीने लटलटतायत ते. तू काढ गं लवकर.

फोटोवाली : थांब, बॅटरी गेली. या थंडीत दहा मिनिटं टिकत नाही मेली. डॉक्टर, दुसरी द्या. काखेत ऊब लागायला दिली होती ना, ती.

डॉक्टर : ती आता काखेत नाहीय.

फोटोवाली : मग?

डॉक्टर : घसरली. स्वेटरच्या आत प्रवासाला निघालीय. आत्ता कमरेपाशी कुठेतरी असावी.

फोटोवाली : काढा की मग!

डॉक्टर : कशी काढू? एका हातात तुझी पिशवी, दुसऱ्या हाताने याला मागून धरलंय.

फोटोवाली : सोडा आणि शोधा!

डॉक्टर : बरं... हां... इथे नाही... अगं आई, हात गार! सापडली!

मेकॅनिक : डॉक्टर?

डॉक्टर : काय रे?

मेकॅनिक : तुम्ही लांब का चाललात?

डॉक्टर : मी? मी तर इथेच आहे.

मेकॅनिक : मग मी चाललोय!

फोटोवाली : अहो, मी पिशवी सोडायला सांगितली होती!

डॉक्टर : तसं नीट सांगायचं ना!

मेकॅनिक : ब्रेक! ब्रेक कुठेय याचा?

डॉक्टर : ब्रेक नसतो रे याला!

मेकॅनिक : ब्रेक नसलेलं यंत्र पास कोणी केलं?

फोटोवाली : बॅटरी द्या इकडे! गुडघे वाकव! मस्त! डोळे उघडे आहेत! इकडे बघ, इकडे!

डॉक्टर : इकडे काय, पुढे बघायला सांग त्याला! पुढे बेकरीवाल्या मावशींची कपड्यांची दोरी आहे!

मेकॅनिक : मावशी, बाजूला व्हा! मावशी, दोरी बाजूला करा! अरे, उडालो! मावशीऽऽ!

(गोठलेले कपडे कडाकड आपटल्याचा आवाज. मग धप्प. मग काहीच नाही.)

फोटोवाली : डॉक्टर, पळा!

डॉक्टर : पळतोय. या बर्फात पळणं म्हणजे... आलो, आलो. हलू नकोस रे. कुठे दुखतंय? हा पाय हलव. आता तो. मान वळव. शेपटी?

फोटोवाली : शेपटी?

डॉक्टर : सवयीने आलं तोंडात. पण हा असा हुंदके का देतोय? रडतोय का?

फोटोवाली : रडत नाहीय. हसतोय.

मेकॅनिक : अगं... माझ्या खांद्यावर... कोण बसलंय?

फोटोवाली : कोणी नाही. मावशींच्या यजमानांचा पायजमा आहे, गोठून लाकूड झालाय. दोन्ही तंगड्या पुढे सोडून बसलाय तुझ्या मानेवर.

मेकॅनिक : यजमान आत नाहीत ना?

डॉक्टर : नाहीत, मी बघितलं. ते बघ, खिडकीत उभे आहेत. हात हलवतायत.

मेकॅनिक : हाय हाय... पोट दुखायला लागलं. पुसा ते फोटो, पुसा आधी.

फोटोवाली : पुसते. पण बघून तरी घे. बेचाळीस निघाले. चाळीस हललेत, एक नुसताच ओढा आहे. नाही, थांब. हा बघ शेवटचा, तू हसत होतास तेव्हाचा.

मेकॅनिक : हा मी?

फोटोवाली : तूच.

मेकॅनिक : तोंड केवढं उघडलंय! पडजीभ दिसतेय. आणि मानेवर तो पायजमा. हा फोटो कोणाला दाखवलास तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवतो.

डॉक्टर : बघू मला. अरे, दात! वहिनी गेल्यापासून याचे दात पाहिले नव्हते मी. सहा वर्षं होतील. दोन किडलेत, पण पाहिले एकदाचे.

मेकॅनिक : डॉक्टर, तुम्ही गप्प बसा.

डॉक्टर : बसलो.

फोटोवाली : पुसू?

मेकॅनिक : दे, पुन्हा बघू.

फोटोवाली : आधीच्या सतरा फोटोंत काठ्या धरून कोण उभा आहे, मला माहीत नाही. हा मात्र मला माहीत आहे. रोज सकाळी माझ्या दारातला बर्फ न सांगता काढून जातो, तोच हा. बाकी तुझी मर्जी. पुसायचा असेल तर हे बटण आहे, तूच दाब.

मेकॅनिक : बोटं बधिर झालीत माझी.

फोटोवाली : मग मी दाबू?

मेकॅनिक : थांब जरा. घाई काय आहे? ...हा तिला पाठवता येतो का? इथून?

फोटोवाली : येतो. फोनवर घेते आणि पाठवते.

डॉक्टर : मग प्लॅस्टर?

मेकॅनिक : घोड्याला घाला. तू लिही गं. ‘मला स्की येत नाही.’

फोटोवाली : लिहिलं.

मेकॅनिक : ‘ओढ्यावरची उडी खोटी होती. आजची खरी आहे, पण ती मी मारली नाही, ती झाली.’ आणि... ‘मी सकाळी चाकांना ग्रीस लावतो. हिवाळ्यात ते घट्ट होतं, म्हणून आधी स्टोव्हजवळ ठेवून ऊब द्यावी लागते. तोवर मी चहा घेतो. अशी असते माझी सकाळ.’

डॉक्टर : अरे वा. बरी असते की.

मेकॅनिक : जास्त झालं का?

फोटोवाली : नाही. पाठवू?

मेकॅनिक : थांब... पाठव. नको... पाठवलंस?

फोटोवाली : गेलं.

मेकॅनिक : मेलो! परत नाही का बोलावता येत?

डॉक्टर : ते राहू दे, मावशी दार उघडून बाहेर आल्यात. चेहरा बरा दिसत नाहीय त्यांचा. पायजमा दे इकडे. सरळ धर, मोडेल तो!

मेकॅनिक : मावशी, चुकलो! सगळे पुन्हा वाळत घालून देतो!

फोटोवाली : ए, शांत राहा. उत्तर आलंय.

मेकॅनिक : इतक्यात? वाचू नकोस. नाही, वाच. माझे हात या पायजम्यात गुंतलेत.

फोटोवाली : ‘मी येते. स्की माझ्याकडे नाहीच, मैत्रिणीची मागून आणणार होते. तुमच्या उडीच्या भीतीने दोन रात्री झोप नव्हती. आता चहालाच येते.’

डॉक्टर : घ्या!

मेकॅनिक : पुन्हा वाच.

फोटोवाली : सगळं?

मेकॅनिक : नाही. पहिले दोनच शब्द.