मुलाण्याच्या घरात सुरी न्हाय

मी मूळची नेसरीकडची, पावणं. बाप सायकलीवरनं आंडी विकायचा. लगीन झालं आन् हितं कागलजवळच्या गावात आले, मुलाण्याच्या घरात. जत्रा असू दे न्हायतर कुणाचा नवस, गावात बकऱ्यावर सुरी आमच्याच माणसाची फिरायची, हिंदूंच्या घरात बी. आज्ज्या-पंज्यापासनं चालत आल्यालं. दुसऱ्यांच्या घरात चमचं पडल्यालं असत्यात तशा आमच्यात सुऱ्या पडल्याल्या असायच्या.

त्या घरात माझी रेशमा जन्मली, एकुलती एक. बोलायला लागंना, नजर देईना, मोठा आवाज झाला की दोन्ही कान बडवून घ्यायची. आता थोराड झालीया. काय सांगू तुम्हाला, पोरगी मायाळू हाय, पर बिथरली की हातात ईल त्ये फेकती, चावती, भिंतीवर डोस्कं आपटती. माझा पुढचा दात तिनंच पाडलाय बघा. आन् माझा दीर, ह्यांचा धाकटा भाऊ, आमच्यातच ऱ्हायचा, त्यो तिला पट्ट्यानं मारायचा. मारल्याशिवाय खुळी सरळ हुईत न्हाय म्हनायचा. मी मधी पडले की मलाबी बसायचा.

तिच्यासारख्या पोरांची शाळा हाय, तिथल्या बाई एकदा घर बघाय आल्या. सगळं फिरून बघितलं आन् म्हनाल्या, गॅसची टाकी भाईर ठेवा, मोरीतली आतली कडी काढा, भरल्याली बादली ठेवू नका, काचंचं सामान हलवा, सुऱ्या कुलपात. आन् पोरीला कोंडायचं न्हाय, बांधायचं तर न्हायच न्हाय, खोलीला भाईरनं कडी लावलासा आन् आग लागली तर ती भाईर कशी येनार. ह्ये सगळं झालं तर पोरगी घरात ऱ्हाईल, न्हायतर कुठं तरी ठेवावी लागंल. ह्यांनी एका शब्दानं उलट विचारलं न्हाय. भिंतीला गाद्या ठोकल्या, कड्या काढल्या, सुऱ्यांसाठनं पत्र्याची पेटी आनली, तिची किल्ली गळ्यात काळ्या दोऱ्यात. पोरगी घरात ऱ्हायली पायजे, एवढंच म्हनायचे.

पर जत्रंच्या दिवशी मुलाण्याची पेटी बंद करायची न्हाय, ही आमच्यातली रीत. गावातलं शेवटचं बकरं पडंपतूर सुऱ्या धुऊन फडक्यावर मांडायच्या आन् पेटी उघडी, कारण बलवाय आल्याल्या माणसाला थांब म्हनायचं न्हाय. मी म्हनलं, ह्या वर्सी तेवढं कुलूप घाला. ह्ये म्हनले, एक दिवसाचं काय, तू हाईस की तिच्याजवळ. आन् गेले.

दुपारी डॉल्बी आमच्या गल्लीत शिरली. भांडी थरथराय लागली फळीवर. रेशमानं कान बडवून घेतलं, मग भिंतीकडं धावली, गादी सोडून नेमकी कोपऱ्यावर डोस्कं आपटाय लागली, कपाळ फुटलं. दीर उठला, तिचं केस धरून फरफटत भाईर नेली, बकरं बांधायच्या मेखंला दाव्यानं बांधली आन् पट्टा काढला. मी तिच्या अंगावर आडवी पडले तर माझ्या बरगडीत लाथ घातली. श्वास बंद झाला माझा. तरी त्यो दम खायला थांबला तशी मी गाठ सोडली.

ती पळाली घरात. मला वाटलं लपंल. पर तिनं जन्मभर बापालाच बघितल्यालं, त्यो काय घेऊन भाईर पडतो त्ये. फडक्यावरची मोठी सुरी घेतली आन् दिराच्या अंगावर गेली. त्याच वक्ताला ह्ये धार गेल्याली सुरी बदलाय दारात आल्याले. मधी पडले आन् नुसत्या हातानं पातं धरलं. पोरीनं ताकदीनं ओढलं.

तीन बोटं खाली पडली, पावणं. उजव्या हाताची. मुलाण्याच्या घरात रगात नवं न्हाय, पर त्ये कधी आमचं नव्हतं. मी वरडत हुते आन् डॉल्बीत माझं मलाच ऐकू येत नव्हतं. पोरगी सुरी टाकून रगातातच बसली, बापाचा हात आपल्या तोंडाला लावून.

मानसं जमली तवा दीर म्हनाला, खुळीला आजच्या आज पाठवा, न्हायतर मी पोलिसात जातो. ह्ये पांढरेफटक पडल्याले, हाताला टावेल गुंडाळल्याला, तरी म्हनले, माझ्या पोरीला बकऱ्याच्या मेखंला बांधली तू. जायाचं आसंल तर तू जा. त्यो गेला. इचलकरंजीला ऱ्हातो म्हनं, तोंड बघितलं न्हाय मी त्याचं, बघायचं बी न्हाय.

दवाखान्यात नेली, पर बोटं काय बसली न्हाईत. ह्येंच्यानं आता बकरं पडत न्हाय, गावाला दुसरा मुलाणी येतो. सगळ्या सुऱ्या त्यालाच देऊन टाकल्या. आता एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटावर बसत्यात. बाई परत घर बघाय आल्या तवा ह्येंनी पेटी उघडून रिकामी दावली आन् एवढंच विचारलं, पोरगी ऱ्हाईल न्हवं घरात. बाई म्हनाल्या, ऱ्हाईल. मी मोरीत जाऊन रडले.

आता मुलाण्याच्या घरात सुरी न्हाय. भाजी हातानं मोडायची, मटण दुकानातनंच बारीक करून आनायचं. पोरगी सुधारली आसं न्हाय बरं का, परवाच माझा दंड काळानिळा केलाय. आमच्या मागं तिचं काय, ह्यो इचार सुटत न्हाय. पर सांजच्याला बाप पाटासमोर बसतो, उरल्याल्या दोन बोटांत कांदा धरतो, आन् ती सगळ्या ताकदीनं बुक्की घालती आन् हासती. कवा कांद्यावर बसती, कवा हातावर. त्यो हात मागं घेत न्हाय.

बसा पावणं, जेवून जावा. कांदा फुटलाय.