नाना दोनदा वारले

...आणि वर तो ग्रामसेवक मलाच विचारतो, "तुम्ही मुलगा ना त्यांचे? मग वडील कधी गेले ते तुम्हालाच नक्की माहीत नाही?" आता काय बोलायचं? अहो, एक्क्याण्णव साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, याच खांद्यावरून नेलं मी नानांना, गोदावरीच्या काठी अग्नी दिला, केस उतरवले, तेरा दिवस घोंगडीवर झोपलो, आणि मला माहीत नाही? मला माहीत आहे, गावाला माहीत आहे, आमच्या गोठ्यातल्या बैलालासुद्धा माहीत होतं, दोन दिवस चारा नाही खाल्ला त्यानं. फक्त ग्रामपंचायतीच्या वहीला माहीत नाही. तुम्हाला सांगतो, मरण सोपं असतं हो, मेल्याचा कागद अवघड.

त्याचं असं झालं, मी वाल्मीक, मनमाडला रेल्वेत पॉइंट्समन. गाव सायखेड्याच्या अलीकडं, नाव सांगत नाही, मला अजून तिथं जावं लागतं. साल दोन हजार तीन, आणि शेत अजून नानांच्याच नावावर, देवरामच्या. वारसाची नावं लावायची होती, आईचं, माझं आणि धाकट्या बहिणीचं, भाग्यश्रीचं. बारा वर्षं नुसतं लावू, लावू. शेवटी तलाठी म्हणाला, मृत्यूचा दाखला आणा. म्हटलं, आणतो की, त्यात काय?

त्यात काय म्हणालो मी... ऐका आता त्यात काय ते.

ग्रामसेवकानं एक्क्याण्णवची वही काढली, नाव नाही. ब्याण्णवची काढली, "कधीकधी उशिरा लिहितात," तिच्यातही नाही. मग मागं मागं जायला लागला. बाहेर ओट्यावर दहा-बारा माणसं रेशनकार्डाच्या कामाला बसलेली, आणि त्यांच्यात भाग्यश्रीच्या सासरचे मामा, एकलहऱ्याहून खास मला सोबत म्हणून आलेले. अशी सोबत देव कुणाला न देवो. तर तासाभरानं ग्रामसेवक एकदम खूश, "सापडलं! देवराम चिंधू, वय पस्तीस, पत्नी नवसाबाई, मयत सन एकोणीसशे एकोणऐंशी." मी म्हटलं, दुसरे कुणी असतील. तर गावात दुसरा देवराम नाही आणि दुसरी नवसाबाई तर त्याहून नाही. मग त्यानं वहीकडं पाहिलं, माझ्या अर्जाकडं पाहिलं, आणि हळूच विचारलं, हळूच म्हणजे ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळूच, "बहिणीचा जन्म ब्याऐंशीचा का?"

ओट्यावरच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोलले असते तर परवडलं असतं. माझ्या आईनं सगळा जन्म मान खाली घालून लोकांच्या टोमॅटोची खुडणी केली, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि एका ओळीत ती आणि माझी बहीण दोघी लोकांच्या तोंडी. मरण सोपं असतं, पण हा कागद, हा कागद जिवंत माणसाला मारतो.

घरी गेलो. आई मिरच्यांची देठं काढत बसलेली. म्हटलं, "आई, नाना एकोणऐंशीला वारले होते का गं?" तर तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "हां, तवा बी वारले व्हते की." इतकं सहज, की जसं काही नाना तेव्हा नाशकाला जाऊन आले होते.

"म्हणजे?"

"अरे, नदीवर आंघोळीला गेले आन् कावळा डोक्याला शिवला. तुझी आजी म्हनली, मरण जवळ आलं, आता गेल्याची बातमी धाडा, लोकांनी रडून घेतलं का टळतं. मंग त्यांना मळ्यातल्या खोपीत बसवलं आन् मी दारात बसले रडत."

तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल ही रीत. यात मेख अशी, की ज्याला सांगायचं त्याला बातमी खोटी आहे हे कळता कामा नये, नाहीतर तोडगा फुकट. मी तेव्हा पाच वर्षांचा, मलाही नव्हतं सांगितलं, मीही रडलो असेन. सगळे नातेवाईक रडून गेले, संध्याकाळी नाना खोपीतून बाहेर आले, घरात लापशी झाली. सगळं यथासांग. फक्त मधल्या वेळात दारावरून कोतवाल गेला. चिमाजी. जन्ममृत्यूची खबर ग्रामपंचायतीत द्यायचं काम त्याचं.

चिमाजी अजून आहे, सत्तरीच्या घरात. गेलो त्याच्याकडं. "हा, म्याच लिहायला लावलं," म्हणाला. "नवसाबाई लय रडत व्हत्या. तसं रडनं म्या पुन्हा नाय पाह्यलं."

"अहो, पण दुसऱ्या दिवशी नाना तुम्हाला दिसले असतील ना?"

"दिसले ना. माझ्याकडून तंबाखू घेतली."

"मग खोडायचं ना ते!"

"सरकारी वहीत खाडाखोड नाय चालत."

"आणि एक्क्याण्णवला खरंच गेले तेव्हा?"

"तवा बी मीच कोतवाल. पन म्हनलं, ह्यांचं तर आपन मागंच दिलंय. एका मानसाचं दोनदा कसं द्यायाचं?"

आता या माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा. सगळ्या तालुक्यात एवढा प्रामाणिक कोतवाल नसेल.

वकील गाठला. म्हणाला, दोन गोष्टी शाबीत करा, एक्क्याण्णवला वारले हे, आणि त्याआधी बारा वर्षं जिवंत होते हे. मी म्हटलं, जिवंत होते त्याचा पुरावा माझी बहीण. तो म्हणाला, "तिच्यासाठीच तर पुरावा पाहिजे ना."

मग प्रत्येक सुट्टीच्या दिवशी मनमाडहून नाशिक. वर्तमानपत्राच्या कचेरीत जुने गठ्ठे चाळले, धुळीनं डोळे लाल, आणि सापडली निधनवार्ता. "देवराम यांचे अल्पशा आजाराने निधन. ते शांत व मनमिळाऊ स्वभावाचे होते." शांत? नाना? बैलाला शिव्या घालायला लागले की सायखेड्याला ऐकू यायच्या. पण त्या पानावर सातजण गेलेले आणि सातही मनमिळाऊ. खाली मात्र होतं, पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. मी नाचत वकिलाकडं. तो म्हणाला, "पेपरात काय, तुम्ही द्याल ते छापतात."

शेवटी पंचवटीत आमच्या घराण्याच्या गुरुजींकडं गेलो, आलेल्या यजमानांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतात ते. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, त्यांनी बाडातली वही काढली आणि सरकारला चार महिन्यांत जमलं नाही ते पाच मिनिटांत माझ्यापुढं ठेवलं. सन पंच्याऐंशी. आजोबांच्या अस्थी घेऊन आलेले देवराम, सोबत पत्नी नवसाबाई, मुलगा वाल्मीक, मुलगी भाग्यश्री वय तीन, आणि खाली नानांची सही, तीच वाकडी. सहा वर्षांपूर्वी वारलेला माणूस आपल्या बापाच्या अस्थी घेऊन आला होता आणि मुलीचं नाव लिहवून गेला होता. मी तिथंच बसून रडलो. गुरुजींना वाटलं, ताजी गमी आहे.

आता राहिलं आईचं प्रतिज्ञापत्र. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं वाचून दाखवलं, "पतीच्या मृत्यूची खबर मी खोटी दिली होती." आई म्हणाली, अंगठा देणार नाही. का? "खोटी दिली खरं, पन गुन आला त्याचं लिहा. बारा वर्सं मिळाली मला. ही पोर त्याच्यातच झाली." टायपिस्ट माझ्याकडं बघतो, मी आभाळाकडं. पण बाई हटेना. शेवटी टाइप केलं, "सदर तोडग्याचा गुण आला." कोर्टात साहेबांनी ते दोनदा वाचलं, आईकडं पाहिलं आणि सही केली. जुनी नोंद रद्द, नवी नोंद मंजूर. मरण सोपं असतं, कागद अवघड, पण आणला बरं का मी, आणला!

शेतावर नावं लागली आणि मी दाखला, कोर्टाचा हुकूम, गुरुजींच्या वहीच्या पानाची झेरॉक्स, सगळं घेऊन तडक एकलहऱ्याला. म्हटलं, मामांच्या पुढ्यात ठेवतो, सगळ्या सासरासमोर मोठ्यानं वाचतो. भाग्यश्रीनं दारातच अडवलं, मागच्या अंगणात नेलं. उभ्यानंच सगळं वाचलं. झेरॉक्स ठेवून घेतली, नानांच्या सहीची, आणि बाकीचं घडी घालून माझ्या खिशात परत घातलं.

म्हणाली, "दादा, हे इथं कुणाला दाखवू नकोस."

"अगं, का?"

"मामा आता त्याविषयी बोलत नाहीत. हे दाखवलंस तर सगळे म्हणतील, मुलगी बापाचीच आहे याला कोर्टाचा कागद कशाला लागला?"

चहा घेतला आणि परत आलो.

तर आता तो दाखला माझ्या ट्रंकेत आहे. शिक्का आहे, सही आहे, तारीख बरोबर आहे. सगळा तालुका पालथा घालून आणलाय. आता फक्त तो कुणाला सापडू नये, एवढीच काळजी.