धवलारणीची सुट्टी

न्हाय म्हनजे न्हाय, शिवदासभाऊ. पाय दुमडून बसलात तरी न्हाय. आज माज्या घरात हळद हाय, माज्या नातीची, प्राप्तीची — बाहेर मांडव दिसला न्हाय तुमाला? दिसला. तरी आत आलात. घ्या, पानी घ्या. तुमची बी काय चूक — धवलारीन, धवला गाऊन देवांना लग्नाला बोलवनारी बाई, म्हनजे तुमा लोकांना गावची विहीर वाटते. कवाबी यावं, कळशी सोडावी.

आवो, काय काय लोक बघितलेत मी! ती उलव्याची बाई — मी आंघोळीला, डोक्याला साबन, आनि फोन. 'मावशी, दोन ओळी गाऊन दाखवा, स्पीकरवर ठेवलंय, सासूबाईंना ऐकायचंय.' गायले मी? गायले. कुडकुडत गायले. मंग सासूबाई म्हनतात, आवाज जरा कापतोय! दुसरा तो पनवेलचा — देवांना आवतान आटपशीर द्या म्हनतो, हॉल लवकर सोडायचाय. म्हनलं, बाबा, कंचा देव गाळू सांग? तर खरंच विचारात पडला हो मेला! आनि मोतीबिंदू काढला तवा? डोळ्यावर पट्टी, मी आडवी पडलेली, आनि एकजन दारात. वाटलं, बरं हाय का विचारंल. तर म्हनतो, 'पट्टी हळदीपर्यंत निघंल ना? फोटोत दिसंल.'

म्हनून आज कोनी न्हाय. आज सुट्टी. प्राप्तीनंच दिलीय — 'आजी, जल्मभर दुसऱ्यांच्या मांडवात राबलीस, आज तू नुसती नटून बसायचं.' खुर्ची बी ठेवलीय माज्यासाठी, पांढरं कापड घातलेली, मागं रिबिन. किती माया पोरीची!

गानार कोन? गानार... डीजे हाय ना. पुतन्याचा, अल्पेशचा. आनि एक इव्हेंटवाली पोरगी आलीय, कानात वायर घालून हिंडते, तीच सगळं ठरवते. धवल्याला टाइम न्हाय निघाला म्हने. न्हाय, मी विचारलं न्हाय. का विचारू? घरच्या पोरीला सांगायचं, बाई गं, मला गाऊ दे? लोक घाम पुसत येतात माज्या दारात, तुमीच आलात ना आता — आनि मी माज्याच मांडवात हात पसरू? जाऊ दे. राग न्हाय मला. हाय, राग हाय. पन कोनाला सांगते!

आनि एक सांगा मला. देव मोठे, ते न बोलवता बी येतील. घरचे गेलेले? त्यांना नाव घेऊन गावं लागतं, तवा ते मांडवात पाय ठेवतात. आमचे हे गेले तवा प्राप्ती एवढीशी व्हती. खांद्यावर बसवून खाडीच्या बांधावर फिरवायचे तिला, 'हिच्या हळदीत मीच पयला नाचनार' म्हनून गावभर सांगायचे. त्यांना कोन बोलवनार आज? वायरवाली? अल्पेशचा डीजे? मानूस सोताच्या घराच्या उंबऱ्याभाईर उभा ऱ्हाईल हो, आनि आत सगळे नाचतील.

तुमच्या घरची हळद बी आजच ना? व्हय, तुमच्या धवलारनीचा घसा बसला, सांगितलंत मगाशी. गाडी आनलीय? मंग ऐका. मी येते. थांबा, पाया पडू नका, अट हाय. जल्मभर तुमा लोकांच्या अटी ऐकल्या, आज माजी ऐका. तुमच्या मांडवात पयलं आवतान मी काळूराम नावाच्या मानसाला देनार. असला कोनी आमच्यात न्हाय म्हनून तुमच्याकडची कोनी म्हातारी कुरकुरली, तर तिला गप बसवायचं. चालंल?

घरी विचारून सांगता? आता? विचारा, वाटंत विचारा. आनि गाडी मागच्या दाराला लावा.